मागून मोजलेल्या बरगड्या

ऋतुजाला गुरांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षी नापास केलं ते एका गाईनं. गाय बिचारी गरीब, तिचा काय दोष! "हृदय कुठं आहे? खडूनं फुली मार," परीक्षक म्हणाले. हृदय चौथ्या बरगडीपाशी, हे पोरीला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. तिनं अंगावर हात फिरवला, हाताला लागली ती पहिली, मग दुसरी, तिसरी, चौथी, आणि दिली फुली ठोकून.

"अहो बाई, इथं तर पोट आलं!" परीक्षक हसले. पुराणातली वांगी पुराणात, दुसरं काय? ती लातूरच्या मास्तरांची लेक. सांगाड्यावरच्या तेराच्या तेरा बरगड्या पाठ, पण जित्या जनावराला हात लावलेला नव्हता. आता फेरपरीक्षा महिन्यावर होती, आणि त्यात बुडाली तर अख्खं वर्ष जाणार होतं.

उदगीरला तिच्या हॉस्टेलमागं ग्यानोबा आबांचा गोठा होता. ऋतुजा तिथं दूध आणायला जायची. अडलेल्याला लाज कसली? तिनं आबांच्या कपिला गाईवर सराव करू द्या म्हणून गळ घातली. आबा बाजेवर बसून दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही.

"पुढनं मोजायलीस व्हय? अगं, पुढच्या चार-पाच खांद्याखाली दडून बसत्यात. त्या हाताला लागायच्या न्हाईत. ही शेवटची धर, हिला तेरावी म्हण, आन् उलटी ये."

ऋतुजा उलटी मोजत आली. आठ, सात, सहा, आणि बोटं खांद्याला टेकली. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला! मग आबांनी तिचा हात कपिलेच्या कोपराआड सरकवला. तळहाताखाली धडधड लागली तशी पोरगी आनंदानं ओरडलीच.

"आबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

म्हातारा खाली बघू लागला. "म्या डाग द्यायचो, माय. पोट फुगलं, पाय आखडला की लोक बोलवायचे. तापल्या सळईनं चटका द्यायचा. जागा चुकू नये म्हणून बरगड्या मोजायच्या. लई जनावरं भाजली या हातानं. बाप तेच करायचा, म्याबी केलं. आता पोरगा म्हणतो, कुणाम्होरं बोलू नगा, लाज वाटती."

ऋतुजानं कपिलेवरचा हात काढून घेतला. गेल्याच आठवड्यात वर्गात डाग दिलेल्या बैलाचे फोटो बघून तिनं असल्या माणसांचा उद्धार केला होता. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. महिनाभर रोज गेली. आबा डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, "आता कितवी?" चुकली की म्हणायचे, "व्हय, आलीस की पुन्यांदा पोटात!"

फेरपरीक्षेला तेच परीक्षक. खडू हातात देऊन म्हणाले, "यकृतात सुई घालायची आहे. जागा दाखवा."

ऋतुजा गाईच्या उजव्या अंगाला गेली. पाठीवरून हात फिरवत "हो गं बाई, हो" म्हणाली. शेवटची बरगडी धरली. तेरावी, बारावी, अकरावी. तिच्या मागच्या फटीत वरच्या बाजूला फुली मारली.

परीक्षकांनी स्वतः चाचपून पाहिलं. "बरोबर. मागून मोजायला कुणी शिकवलं?"

"सरांनी" म्हटलं असतं तर सर खूश, परीक्षक खूश, आणि विषय मिटला असता. शेजारी तिला शिकवणारे सर उभेच होते. ऋतुजानं हातातला खडू खाली ठेवला.

"ग्यानोबा आबांनी. ते गुरांना डाग द्यायचे. आता देत नाहीत. पण मला जे येतं ते त्यांच्यामुळं येतं."

परीक्षकांनी कागदावर गुण मांडले. मग परीक्षक म्हणाले, "माझा नमस्कार सांगा त्यांना," आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

पास झाल्याचा कागद घेऊन ती तडक गोठ्यावर गेली. आबांचा मुलगा शिवशंकर धार काढत होता. तिनं त्याच्यादेखत आबांचे पाय धरले आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"म्हंजी, मोठ्या डाक्टरांम्होरं माझं नाव घेतलंस? डाग द्यायचो हेबी सांगितलंस?"

"हो आबा. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

आबांनी धोतराचा सोगा डोळ्याला लावला. शिवशंकर धार अर्धी टाकून उठला, हात पुसले आणि बापाजवळ येऊन म्हणाला, "आबा, मलाबी दावा की, कशा मोजत्यात ते."