झटकलेला पारा

मित्रांनो, माझं टोक जिभेखाली धरून तुम्हीही कधीतरी मुकाट बसला असाल. बोलायचं नाही, चावायचं नाही, अशी आईने ताकीद दिली असेल. तोच मी, घाटकोपरच्या एका घरातला जुना थर्मामीटर.

एका कारखान्यात कुणीतरी माझी बारीक नळी ओढली, तिच्यात पारा भरला, अंगावर रेघा कोरल्या आणि मला काळ्या डबीत निजवलं. शुभा जन्मली त्या आठवड्यात तिच्या बाबांनी, नंदकुमारने, स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानातून मला घरी आणलं. तिची आई अनुपमा मला गार पाण्याने धुवायची, कापसाने पुसायची, आणि डबीचं झाकण लावताना मी हलत नाही ना, तेही बघायची. शेजारणी दारात येऊन म्हणायच्या, "वहिनी, थर्मामीटर द्या ना जरा."

"न्यायचा तर न्या, पण गरम पाण्यात बुडवू नका हं. वाट लागेल त्याची!" अनुपमा बजावायची. सगळ्या मजल्याला माझी गरज लागते, याचा मला फार अभिमान होता.

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. शुभाचे आजोबा गुणाजी आणि आजी सुंदराबाईही तिथेच राहायचे. आजोबांची धाकटी बहीण, मालनआत्या, चेंबूरला असायची. सत्तरीची, दमेकरी, आमचा जिना चढताना दोनदा थांबायची. भाऊबीजेला खरं तर भावाने बहिणीकडे जायचं. पण आजोबांचे गुडघे धरले, तेव्हापासून आत्याच ओवाळायला इकडे येऊ लागली.

पंच्याऐंशी सालची भाऊबीज मी विसरणार नाही. सकाळी शुभाचं अंग तापलं होतं, नाक वाहत होतं. अनुपमाने मला तिच्या काखेत धरलं. पारा एकशे एकवर जाऊन थांबला. अनुपमा खिडकीशी आली, मला उजेडात फिरवून तिने दोनदा वाचलं.

"आई, ताप आहे हो. आत्यांना निरोप पाठवायचा का?"

सुंदराबाई करंज्या डब्यात रचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "झटक तो पारा आणि ठेव आत. सणाच्या दिवशी घरात ताप म्हणू नये. मालन वर्षातून एकदा येते, तिला काय नको येऊ म्हणून सांगायचं?"

अनुपमाने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने मला झटकलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझा पारा खाली उतरला. मित्रांनो, पोरीचा ताप मात्र होता तिथेच होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

आत्या आली. शुभाला मांडीवर घेतलं, तिचे मुके घेतले, आपल्या ताटातला अर्धा लाडू तिला भरवला आणि उरलेला स्वतः खाल्ला. "पोर किती गरम लागतेय गं," ती म्हणाली.

"धावते ना सारखी," सुंदराबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी आत्याला ताप भरला. शुभा तोवर अंगणात खेळत होती. आत्याचा ताप छातीत उतरला. बावीस दिवस ती इस्पितळात होती, नाकाला नळी. नंदकुमार रोज जाऊन यायचा आणि आल्यावर पाय धुवायचा. एका दुपारी शुभा निजली असताना अनुपमाने मला डबीतून काढलं आणि नुसतं हातात धरलं. "मी वाचलं होतं रे," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

आत्या वाचली. पण पुढे तिला चार पावलांवर धाप लागू लागली.  सुंदराबाई आत्यासाठी दर महिन्याला मेतकूट करून पाठवू लागल्या.

पुढच्या भाऊबीजेला नंदकुमार खोकतच उठला. पारा शंभराच्या वर गेला. अनुपमाचा हात मला झटकायला वर गेला, तोच सुंदराबाईंनी तिचं मनगट धरलं.

"नको. राहू दे तसाच. मोठ्याने वाच."

"एकशे एकला दोन रेघा कमी."

"ऐकलंत ना?" त्या आजोबांना म्हणाल्या. "काल रात्री नंदू तुमच्याशेजारीच झोपला होता. तुम्हीही मालनच्या जवळ जायचं नाही."

निरोप धाडायला उशीर झाला होता. आत्याची रिक्षा खाली थांबलीच. आजोबा लंगडत गॅलरीत गेले आणि तिला खालीच थांबवायला गावच्या मालवणीत ओरडले. अनुपमाने मला उघड्या डबीत तिथेच कठड्यावर ठेवलं होतं, म्हणून हे मी पाहिलं.

"मालू, थंयच रव! वर येव नको!"

"कित्याक रे? भयण जड झाली तुका?"

"घरात ताप आसा गो. गेल्या वर्साचा इसारलंस?"

 आत्या आरतीचं तबक हातात घेऊन खालच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "आणि माजी ओवाळणी?"

"धाडतंय."

भाजीवाल्यासाठी दोरीला बांधलेली टोपली होती. अनुपमाने तोंडाला रुमाल बांधून तिच्यात नवं लुगडं ठेवलं आणि हळूहळू खाली सोडली. आत्याने निरांजन लावलं. मान वर करून, खालूनच, तिने भावाला ओवाळलं. आजोबा कठड्यावरून जितकं वाकता येईल तितकं वाकले. कुंकू काही लागलं नाही. दिवसभर त्यांचं कपाळ कोरंच होतं.

दुसऱ्या रात्री त्यांनाही ताप आला. आठवड्याभरात उतरला. चेंबूरला मात्र आत्या धडधाकट होती.

पुढच्या वर्षी घरात सगळे ठणठणीत होते. आत्या जिना चढली. या वेळी पाच वेळा थांबून. तिने भावाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बोट तिथेच जरा जास्त वेळ ठेवलं.

आता माझे आकडे पुसट झालेत. कधी कधी महिनोन् महिने डबी उघडत नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागतो मित्रांनो, सणाला घरी म्हातारं माणूस येणार असेल आणि तुमचं अंग तापलं असेल, तर मला खुशाल झटका. पण आधी वाचा. आणि वाचलेलं मोठ्याने सांगा.