फोन बंद केल्यावर

"बाई, मना नवरा भगतले ईचारस," रुपा म्हणाली. "मी जठे जास, तठे तो येस. विसरवाडीले मामाना घर गयथी, तठे बी उना."

हवालदार शीलानं तिचा फोन हातात घेतला. मागच्याच महिन्यात जिल्ह्याला अशा तक्रारींचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. ठाण्यातली पुरुषमंडळी कामात, म्हणून शीलाला पाठवलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत बायकांची झडती, मिरवणुकीचा बंदोबस्त आणि साहेबांच्या पाहुण्यांचा चहा, यापलीकडे तिच्या वाट्याला फारसं काही आलं नव्हतं. तिथून मात्र ती कापडी पिशवी, प्रमाणपत्र आणि भलताच हुरूप घेऊन परतली होती.

तिनं फोनवर दोन-चार ठिकाणी बोट फिरवलं आणि तिला हसूच आलं.

"भगत नही वं माय. हाऊ फोनच सांगस त्याले, तू कोठे शे ते."

"हाऊ ते त्यानीच दिधा, दिवाळीले."

"म्हनीसनच दिधा."

रुपा फोनकडे बघत राहिली. हेमकांत, तिचा नवरा, केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. गाडी सुरतेला असली तरी ती कुणाच्या घरी गेली, शहाद्याच्या स्टँडवर का थांबली, सगळं त्याला ठाऊक असायचं. घरी आला की त्याचा जाब तो हातानं विचारायचा. पोरीनं ते बघू नये म्हणून रुपानं तिला माहेरी ठेवलं होतं. आजही ती बाजाराला जाते असं सांगून ठाण्यात आली होती.

शीलानं फोनचं ते जागा कळवणं बंद केलं. "ले. आते तो आंधया."

रुपा हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. त्या हसण्यानं शीलाला इतकं बरं वाटलं, की साहेबांचं पुढचं बोलणंही तिला खटकलं नाही.

"नवरा-बायकोचं आहे," साहेब म्हणाले. "उद्या बोलवा त्याला. समज देऊ."

शीलानं रुपाला बसमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी हेमकांत आला नाही. आली ती दवाखान्यातून वर्दी. शेजाऱ्यांनी रुपाला नंदुरबारला नेऊन टाकलं होतं आणि हेमकांत फरार झाला होता. शीला जबाब घ्यायला पोचली तेव्हा रुपाचा जबडा तारांनी बांधलेला होता. तिला बोलता येत नव्हतं. खाटेशी तिची आई, छबूबाई, बसली होती.

"फोन तुम्हीनच बंद करा ना, बाई?" छबूबाईच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "शेजारीन सांगस, तो दारमा उभा ऱ्हाईसन ईचारे, बाजारले जास सांगं व्हतं, मंग पोलीस ठाणामा जाईसन फोन कसाले बंद करा?"

बंद होण्याआधी फोननं शेवटची जागा ठाण्याचीच दाखवली होती. फोनमधून माणूस कसा बघतो, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. दिसायचं बंद झाल्यावर तो काय करतो, हे ना कुणी शिकवलं, ना तिनं विचारलं. रुपाला तरी कुठं विचारलं होतं? आपलं शहाणपण दाखवायची घाई झाली होती, दुसरं काय! ती खाटेच्या कडेला बसली.

"सकायले माले त्याना फोन उना," छबूबाई सांगत होती. "म्हने, रुपा कोठे शे सांग, नही ते घर ईसन पोरले लई जासू. घर ते म्हातारा आन् पोर, दोनच जन शेत."

शीलानं तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, तिच्या माहेरी आत्ताच दोन माणसं पाठवा. आणि इथं दवाखान्यातही."

"सगळे मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात आहेत. सकाळी बघू. आणि दवाखान्यात तुम्ही आहात ना?"

फोन कट झाला. शीलानं काही न सांगताही दोघींना कळलं. रुपानं उशीखालून आपला फोन काढला आणि शीलाच्या हातात दिला. फोनच्या काचेवर बोट ठेवलं, मग खाटेवर. मग हात जमिनीपासून कमरेएवढा वर धरला, पोरीच्या उंचीचा, आणि जोरात हलवला: तिकडे नको.

तो इकडे यावा म्हणून ती फोनची जागा पुन्हा दाखवायला सांगत होती.

"तो आठे येई, रुपा," शीला म्हणाली. या वेळी तिनं बोट लावलं नाही. "सुरू करू का?"

रुपानं मान डोलावली.

"खरंच करू?"

रुपानं शीलाचंच बोट धरून काचेवर टेकवलं.

छबूबाई पोरीला शेजारच्या गावी हलवायला निघून गेली. रुपानं डोळे मिटले. शीलानं वॉर्डातलं लोखंडी स्टूल ओढत नेलं, दारात मांडलं आणि जिन्याकडे तोंड करून बसली.