रेई मरत नाही

जेवणाच्या डब्यांबरोबर गुलाबी कागद आला. गुलाबी म्हणजे पटकथेत ऐन वेळी केलेला बदल. तोकिएने तो जेवता जेवताच वाचला आणि तिचा घास तोंडातच फिरू लागला. थेट कॅसेटवर निघणारे सहा व्हिडिओपट तिने पोलीस अधिकारी रेई बनून एकटीने ओढले होते, आणि ती रेई आज दुपारी मरणार होती. सूड घेणार होती रेईची धाकटी बहीण. ते काम निर्माता मागोशीने बावीस वर्षांच्या एका मुलीला देऊनही टाकलं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?" तिने त्याला गाठलं.

"सांगितलं असतं तर तू तमाशा केला असतास." मागोशीने मुळ्याचं लोणचं तोंडात टाकलं. "दुकानात लोक कव्हरवरचं तोंड बघून कॅसेट उचलतात. तुझं तोंड जुनं झालं गं. छान मर, म्हणजे झालं."

याच माणसासाठी तिने खऱ्या काचेतून उडी मारली होती, हातावर अठरा टाके घेतले होते. तिच्या अंगाची नुसती आग झाली. याला सोडायचं नाही, एवढं एकच डोक्यात राहिलं.

शूटिंगसाठी कावासाकी शहरातलं हे गोदाम पाचपर्यंतच मिळालं होतं. खोट्या रक्ताच्या पिशव्या आणि गोळी लागल्यासारखे फुटणारे फटाके शिवलेला शर्ट एकच होता. मागोशीच्या चिकटपणामुळे दुसरा टेक नव्हताच.

"ॲक्शन!"

खलनायकाचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या इसोगाईने तीन गोळ्या झाडल्या. शर्ट लालभडक झाला. तोकिए डगमगली, भिंतीला टेकली आणि उभीच राहिली.

"पड! अगं पड ना!" मागोशी ओरडला. आवाज नंतर भरायचा होता, त्यामुळे त्याला ओरडायची मोकळीक होती.

तिने पिस्तूल काढलं आणि पुढे चालू लागली. दिग्दर्शकाने 'कट' म्हणायला तोंड उघडलं, घड्याळ पाहिलं आणि तोंड मिटलं.

"इसोगाईकाका, माफ करा हं," ती पुटपुटली. "मी काही मरत नाही."

चाळीस वर्षं पडद्यावर मरूनच त्याने पोट भरलं होतं. "मग मला नीट मार, पोरी," तो म्हणाला.

तिने झाडलेल्या पहिल्याच गोळीला तो खोक्यांवर असा कोसळला की कॅमेरामनही चरकला. नुसता आवाज करणाऱ्या उरलेल्या पाच खोट्या गोळ्या तोकिएने कॅमेऱ्याच्या वरून, थेट मागोशीच्या दिशेने झाडल्या. तो डोकं धरून मटकन खाली बसला.

"कट!" दिग्दर्शक म्हणाला. "हेच ठेवायचं. दुसरं आहे काय आपल्याकडे?"

"तुला या धंद्यात पुन्हा कुणी उभी करणार नाही!" मागोशी जमिनीवरूनच किंचाळला.

"नका करू," तोकिए त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "पण रेईला मारायचं असेल ना, तर आधी माझे पाय धरायला या."

इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.