काढून ठेवलेलं

एका रविवारी लहान खोलीचं दार पूर्ण मिटलं. आतून कडी लागली आणि सिस्टर झोपली. इतकी गाढ, की तिच्याच वॉर्डात असती तर कुणीतरी धावत जाऊन डॉक्टरला बोलावलं असतं.

असं काही झालेलं नाही. वरचा मजकूर वाचलाच नाही असं समजावं. घरातली सगळी माणसं तसंच समजून चालतात आणि त्यांचं काही अडलेलं नाही. ते दार आजही चार बोटं उघडं आहे, आधीही होतं, आणि त्या रविवारीही होतं असं सासरे शपथेवर सांगतील. फक्त शपथ घ्यायला हात मोकळा लागतो, आणि त्यांच्या हातात बहुतेक वेळा काहीतरी असतंच.

सिस्टर म्हणजे या घरची सून. इस्पितळात रात्रपाळीची नर्स. नवरा लिफ्टा दुरुस्त करतो. एकदा लिफ्टच्या दाराने त्याची बोटं धरली, आणि ती बोटं बांधणाऱ्या नर्सला तो जे ‘सिस्टर’ म्हणाला, ते लग्न झाल्यावरही म्हणतच राहिला. बायकोला बहीण म्हणू नये एवढं त्यालाही कळतं, पण जिभेला एकदा वळण लागलं की लागलं. त्याचं ऐकून सासूबाई सिस्टर म्हणू लागल्या, मग सासरेही. घरात माणसं चार, त्यातली एक सगळ्यांची बहीण.

या सिस्टरला घराकडून एकच गोष्ट हवी होती, मिटणारं दार. सकाळी ती कामावरून यायची तेव्हा घर नुकतं जागं होत असायचं. लहान खोली तिला झोपायला दिली होती, म्हणजे खोलीतली खाट दिली होती. बाकीची खोली सामानाची. दारामागे व्यायामाची सायकल होती. तिच्यावर ओल्या टॉवेलांखेरीज कुणी बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दार सायकलीपर्यंत येऊन चार बोटांवर थांबायचं, आणि त्या चार बोटांतून कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची भांडणं आणि “हळू बोला, सिस्टर झोपलीय” अशी सासूबाईंची आरोळी, असं सगळं घर आत यायचं.

सायकल मागे सरकवावी तर मागे दोन पोती. एका पोत्यात झाकणं नसलेले डबे, दुसऱ्यात डबे नसलेली झाकणं. एकमेकांना दाखवून पाहिली असती तर पाचसहा स्थळं सहज जुळली असती, पण पोत्यांची तोंडं शिवलेली. त्यांच्यामागे पाती नसलेला पंखा, मेलेल्या फोनांचे जिवंत चार्जर, आणि नवऱ्याने जपलेली लिफ्टची जुनी बटणं. त्यांच्यावर सासूबाईंनी विणायला घेतलेला स्वेटर, एक बाही राहिलेला. तो त्यांच्या मुलासाठी होता, मुलगा तेव्हा शाळेत होता. “बाहीच तर राहिलीय,” असं त्या अजून म्हणत. आता त्या स्वेटरात मुलाचा फार तर हात गेला असता, आणि तोही नसलेल्या बाहीतून.

या सगळ्याचे रखवालदार सासरे. ते कारखान्यात भांडारपाल होते. मागणीपत्राशिवाय त्यांनी मालकालासुद्धा खिळा दिला नाही. पुढे कारखाना बंद पडला, एका दुपारीत भांडार लिलावात गेलं, आणि रिकाम्या फळ्यांमध्ये उभं राहून त्यांना ‘शिल्लक: निरंक’ असं लिहून खाली सही करावी लागली. हे त्यांनी सुनेला एकदाच सांगितलं होतं, तेही पंख्याला पाती का नाहीत हे सांगता सांगता. तेव्हापासून त्यांनी घरात काहीच निरंक होऊ दिलं नव्हतं. काही टाकायची गोष्ट निघाली की त्यांचं उत्तर ठरलेलं. “असू दे. खायला मागतंय का?”

मग एका पाळीत सिस्टरने सात नंबरच्या आजोबांची गोळी आठ नंबरच्या आजोबांपर्यंत नेली. हात अर्ध्यात थांबला. आठ नंबरच्या आजोबांनी तोंड उघडून ठेवलं होतं. गोळी परत गेली तरी त्यांनी ते बराच वेळ मिटलं नाही. मेट्रनबाईंनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, “महिन्याभरात झोप घेऊन ये, नाहीतर राजीनामा घेऊन ये.”

ही गोष्ट तिने घरी जेवताना सांगितली.

“पण दिली नाहीस ना गोळी?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर.”

“पुढच्या वेळी देईन, आई.”

सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग नवरा म्हणाला, “सायकल सरकवू का?”

“कुठे?”

“तेच बघावं लागेल.”

“खायला मागतंय का ते?” सासरे सवयीने म्हणाले.

“खायला नाही मागत, बाबा. माझी झोप मागतंय.” सिस्टरने ताट बाजूला केलं. “हे बघा, रविवारी मी कामावरून येईपर्यंत खोलीतलं सामान बाहेर काढून ठेवा. पॅसेजमध्ये. पुढचं मी बघते.”

सासऱ्यांचा घास थांबला. “काढून ठेवायचं?”

“हो.”

“नीट काढून ठेवायचं ना?”

“अगदी नीट. एकदाच काय ते.”

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर कारखाना चालू असतानाचं तेज आलं. कुणीतरी इथेच थांबून एक प्रश्न विचारायला हवा होता. पण सिस्टरला पाळीला निघायचं होतं.

‘काढून ठेवणे’ या शब्दाला दोन टोकं आहेत, आणि आपण जन्मभर कुठलं टोक हातात आहे ते न बघता तो वापरतो. वॉर्डात जखमेवरची जुनी पट्टी काढून ठेवली म्हणजे ती कचऱ्याच्या पिशवीत गेली. भांडारात एखादी वस्तू काढून ठेवली म्हणजे ती कुणाच्या तरी नावाने राखली गेली. तिला हात लावणाऱ्याचा हात तपासावा लागतो. सिस्टरने शब्द इस्पितळातून आणला होता आणि सासऱ्यांनी तो कारखान्यात नेला.

रविवारी सकाळी तिघे कामाला लागले. जे जे जपून ठेवायचं ते काढायचं असं ठरलं. नको असलेलं नुसतं राहू द्यायचं, ते सिस्टर बघेल. सासऱ्यांनी पंखा काढला, पोती काढली, चार्जर वेटोळी करून काढले. सासूबाईंनी स्वेटर काढला. नवऱ्याने बटणं काढली.

“ही सगळी तिसऱ्या मजल्याचीच कशी?” सासूबाईंनी विचारलं.

“तिसऱ्याची माणसं दाबतात फार. त्यांना चढवतही नाही आणि थांबवतही नाही.”

दुपार व्हायच्या आत नको असलेलं असं खोलीत काहीही उरलं नाही. उरली ती फक्त खाट.

“हिचे सांधे करकरतात,” सासरे म्हणाले. “हिलाही काढून ठेवू. आल्यावर तेल घालतो. पोरीला झोप लागली पाहिजे.”

मग त्यांनी एकेक वस्तू ओल्या फडक्याने पुसली, सासूबाईंनी वर चादर घातली, आणि इतकं सगळं ठेवायला खोके लागतील म्हणून तिघेही खोके मागायला लग्न होऊन गेलेल्या मुलीकडे गेले.

सिस्टर आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. रविवारी तिची पाळी नेहमीच दुपारपर्यंत लांबायची. पाय वहाणेतून बाहेर काढायचा म्हणजेसुद्धा एक निर्णय होता. तिने पॅसेज पाहिला, चादर उचलून पाहिली, खोली पाहिली, आणि उंबऱ्यावर बसली. रागावून, हात जोडून, वर्षानुवर्षं मागून जे मिळालं नव्हतं ते आज न भांडता मिळालं होतं, वर पुसून. डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात उचलायचा कंटाळा आला, म्हणून ते तसंच राहिलं.

तिने भंगारवाल्याला फोन केला. तो कोपऱ्यावरचाच, हातगाडी घेऊन लगेच आला.

“ताई, यातलं काय न्यायचं?”

“काढून ठेवलंय ते सगळं.”

“ही सायकल तर चालू दिसतेय.”

“ती कधीच कुठे गेलेली नाही.”

“आणि खाट?”

सिस्टरने खाटेकडे पाहिलं. यावर विचार करायला हवा असं तिला दुरून कुठूनतरी जाणवलं. पण विचार यायला रस्ता लांब होता, आणि झोप दारात उभी होती. “त्यांनी काढलीय म्हणजे नवी आणणार असतील,” ती म्हणाली.

भंगारवाल्याने चादरीवरून बोट फिरवलं. “लोक भंगार पुसून देत नाहीत, ताई.”

“आमचे देतात.”

त्याने फेऱ्या करून सगळं नेलं. चादर मात्र घडी करून परत दिली. तो धंद्यातला माणूस, पण माणूस होता.

मग तिने दार ओढलं. दाराला स्वतःलाच सवय नव्हती. ते नेहमीच्या जागी, चार बोटांवर, आपोआप थबकलं. पुढे कुणी नाही असं बघून सावकाश आलं आणि चौकटीत बसलं. कडी लागली. सिस्टर चादर अंथरून फरशीवर आडवी झाली. आणि सुरुवातीला जे झालं नाही म्हटलं, ते झालं.

तिघे परतले ते खोक्यांचा मनोरा घेऊन. पॅसेज मोकळा, दार बंद.

“सगळं आत लावलं तिने?” सासूबाई कुजबुजल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुजबुजल्या.

“आणि दारही लागलं,” नवरा म्हणाला. “सायकलीसकट.”

“वॉर्डात काम करते ती,” सासऱ्यांनी मान डोलावली. “एका खाटेच्या जागेत दोन माणसं बसवायची सवय आहे. मला हिच्यासारखी मदतनीस मिळाली असती, तर आख्खा कारखाना एका कपाटात ठेवला असता.”

कुणी दार वाजवलं नाही. टीव्ही लावला नाही, कुकर लावला नाही. तिघे रिकाम्या खोक्यांवर बसून बंद दाराकडे बघत राहिले. कुणाच्या लग्नात आहेर भारी आला की माणसं बसतात तशी.

दिवेलागणीला कडी निघाली. सिस्टर दारात उभी राहिली. गालावर चादरीची घडी उमटलेली, डोळे स्वच्छ. ती हसली. तिघांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. आत फरशी होती.

नवऱ्याने तोंड उघडलं आणि आठ नंबरच्या आजोबांसारखं तसंच ठेवलं. सासरे उठले, खोलीच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले, चारी भिंतींकडे पाहिलं.

“निरंक,” ते म्हणाले. हळूच, कुणी सहीसाठी कागद पुढे करेल असं वाटून.

“बाबा, तुम्हीच तर काढून ठेवलं होतं.”

“हो ना,” सासरे म्हणाले. “काढून ठेवलं होतं.”

दोघांनी एकच वाक्य म्हटलं होतं. तेव्हा सिस्टरला पुसलेला पंखा आठवला, वेटोळी केलेले चार्जर आठवले, आणि शब्दाचं दुसरं टोक तिच्या हाती लागलं.

तिला थोडी कमी झोप मिळाली असती तरी निभावलं असतं. दमलेली सिस्टर “बरं झालं गेलं ते” म्हणून कूस बदलती, आणि आज सुखात असती. झोप झालेल्या माणसाची हीच अडचण असते, त्याला दया येते. तिने सासऱ्यांचे हात पाहिले. रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं; आधी पाठीमागे, मग खिशात, मग परत बाहेर.

“भंगारवाला कोपऱ्यावरचाच आहे, बाबा,” ती म्हणाली. “आणा परत.”

आणलं. सासरे आणि नवरा टेम्पो करून गेले, टेम्पो भरून आले. पोती आली, पंखा आला, बटणं आली. सायकल आली, ती पहिल्यांदा कुठेतरी जाऊन आली. स्वेटर सासूबाईंनी हुंगून घेतला. फक्त खाट आली नाही. भंगारवाल्याने ती लगेच कापली होती. पण त्याच्याकडे दुसरी होती, आणि सासऱ्यांनी तीच आणली. लोखंडी, पायाकडे चाकं, डोक्याकडे उचलायचा दांडा.

“बघ,” ते सुनेला म्हणाले, “अजिबात करकरत नाही.”

सिस्टरने पायाकडच्या पट्टीवरचा आकडा पाहिला. आठ. गेल्याच आठवड्यात वॉर्डातून मोडीत काढली होती, आजोबांना नवी मिळाली होती. या खाटेवर तिने वर्षानुवर्षं इतरांना झोपवलं होतं. खाट जुन्या खाटेपेक्षा लांब निघाली, म्हणून सायकल परत दारामागे, आणि दार परत चार बोटांवर. त्यातून नव्या रिकाम्या खोक्यांनाही जागा द्यावी लागली.

तेव्हापासून त्या रविवारचा विषय कुणी काढत नाही. काढला तर कुठे ठेवायचा? सासूबाईंनी राहिलेली बाही विणायला घेतली आहे. नवरा मधूनमधून दाराशी उभा राहतो आणि लिफ्टच्या दारासारखं बटण दाबून हे मिटलं असतं तर, असं मनाशी म्हणतो. मेट्रनबाईंचा महिना सरत आला आहे. सिस्टर सकाळी येते, आठ नंबरवर आडवी होते आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकते.

सासरे मात्र नियमाचे पक्के. तोंडी मागणी भांडारात चालत नाही, लेखी आली तर विचार होतो. त्यामुळे ती लिहून देते. ते दोन्ही हातांनी घेतात, “आवक” म्हणतात, आणि कागद नीट काढून ठेवतात. लहान खोलीतच, चार्जरांच्या शेजारी. ताजा अर्ज कालचा आहे.

प्रति,
माननीय भांडारपाल, लहान खोली विभाग

विषय: दारास चार बोटे जागा मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, अर्जदार सदर विभागात खाट क्रमांक आठवर दाखल असून, दार न मिटल्याने अर्जदारास झोपेचा पुरवठा झालेला नाही. शिल्लक: निरंक. तरी व्यायामाची सायकल, नग एक, तात्पुरती अन्यत्र हलविण्यास मंजुरी मिळावी. ते शक्य नसल्यास दोन पोत्यांपैकी कोणतेही एक. तेही नियमात बसत नसल्यास, अर्जदारासच ओल्या फडक्याने पुसून, वर चादर घालून, पॅसेजमध्ये काढून ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.