आईने गुणगुणलेल्या ओळी

दमयंतीला आईचं एकच गाणं येत होतं, आणि तेही अर्धं.

"वाडीत माझ्या केळ पिकली, केळीआड लेक लपली," एवढं आई म्हणायची आणि पुढे नुसतं गुणगुणायची. वाल सोलताना, दमयंतीच्या वेण्या घालताना, अगदी तापातसुद्धा. आई गेली आणि पुढच्या ओळी विचारायच्या राहून गेल्या. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायका हळूहळू कमी झाल्या. मांडवात डीजे आला.

म्हणून तर 'मांडव' ही वेबसाइट. बोईसरला पिठाच्या गिरणीवरची एक खोली आणि तिघं जण. दमयंती कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करता करता व्हिडिओ बघून कोडिंग शिकलेली. सालवडचा सुजीत कारखान्यातली पहिली पाळी संपवून यायचा आणि सर्व्हर सांभाळायचा. उमरोळीची रुचिता पडद्यावर काय कुठे दिसेल ते ठरवायची. लॅपटॉपच्या बटणांत पीठ जाऊन बसायचं. "आपल्या कोडला भाकरीचा वास येतो," असं रुचिता म्हणे.

कल्पना साधी होती. प्रत्येक गाण्याचं एक पान. जिला जी ओळ आठवेल तिने ती भरावी, कुणाची चुकली तर दुसरीने सुधारावी.

उद्घाटन पामला, दमयंतीच्या माहेरी, देवळामागच्या हॉलात ठेवलं. बायका मोबाइल घेऊन बसल्या. भिंतीवर मोठा पडदा. दमयंतीने आईचं गाणं उघडलं. दोन ओळी, आणि खाली नुसती टिंबं. कुणाला येत असतील तर आजच, एवढंच तिच्या मनात होतं.

"व्याह्यांच्या दारी..." अक्षरं उमटली आणि वाचून होण्याआधीच पुसली गेली. पुन्हा उमटली, पुन्हा गेली.

"सुजीत, साइट अडकली का रे?"

"साइट मस्त चाललीय, ताई. कोणीतरी लिहितंय आणि कोणीतरी पुसतंय."

"मी पुसलं," पहिल्या रांगेतून शकूआत्या म्हणाली. दमयंतीच्या वडिलांची धाकटी बहीण. "चुकीचं हाय ते. चुकलं तर सुधारा, तूच बोललीस ना?"

"चुकीचं कसं?" पलीकडून लाडकीमावशी उठली. ही आईची बहीण, मुद्दाम केळव्याहून आलेली. "तुज्याच दारात उभं राहून म्हटलंय आमी, हिच्या आईच्या लग्नात."

दमयंती मावशीकडे वळली. ओळी जिवंत होत्या, समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. "मावशी, तू म्हणूनच दाखव ना."

"एकटी कशी म्हणू? आमी म्हटलं की मुलाकडच्यांनी परतवायला हवं. नायतर ते गाणं नाय, नुसत्या शिव्या."

सुजीतने रुचिताकडे पाहिलं. इतके महिने खपून त्यांनी दोघींच्या भांडणाला एकच पान दिलं होतं.

दमयंती आत्याजवळ गेली. "आत्या, परतव ना गं. माझ्यासाठी."

"मी नाय. एवढ्या सुनांसमोर?"

"नसंल उत्तर तिच्याकडं," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली. "तवाही नव्हतं."

आत्याने मोबाइल पिशवीत टाकला आणि खुर्ची फिरवली. "म्हण गो, लाडके."

मावशीने पदर सावरला.

"व्याह्यांच्या दारी चूल विझली,
नणंद विस्तव मागत फिरली."

सगळा हॉल शकूआत्याकडे बघून हसला. आत्याने हसू ओसरू दिलं आणि मग आवाज लावला.

"विस्तव मागत फिरली बाई,
तुमची लेक उठली नाय."

दमयंतीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आईच्या सासरी तेव्हा एकच स्वयंपाकघर होतं, आणि बिनलग्नाची शकूआत्या सदा हाकेच्या अंतरावर. आई काहीच विसरली नव्हती. नणंदेच्या कानाआड, ओठ मिटून, ती रोज तिची खोडी काढत होती आणि लेकीला कळू देत नव्हती.

"मला माहीत होतं हां," आत्या हळूच म्हणाली. "ती गुणगुणली की मी पण आतून परतवायची. मनात."

रुचिताने तोवर कागदावर पानाच्या मधोमध रेघ ओढली होती. इकडे मुलीकडचं, तिकडे मुलाकडचं, पलीकडचं कुणाला पुसता येणार नाही.

"आमची बाजू जरा मोठी ठेव," आत्याने बजावलं.

"ठेवू," दमयंती म्हणाली. तिने टिंबं काढून चारही ओळी भरल्या. तेवढ्यात लाडकीमावशीने पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला आणि आत्याकडे रोखून पाहिलं. गाणं पुढेही होतं. दमयंतीने बटणांवर बोटं ठेवली.