दोन हाका आणि एक दोर

मित्रांनो, मी अंबाडीचा एक जुना दोर आहे. मला हळूच हात लावून पाहा. माझ्या मधोमध एक जाड सांधा लागेल. त्या सांध्याची ही हकिकत आहे.

पुंजारामबापूंनी मला वळले, तेव्हा ते तरुण होते. माझे तीन पदर तीन माणसांनी धरले होते. एकाने जरा घाई केली की पीळ वेडावाकडा बसे. मग बापू सगळा पीळ उलगडत आणि पुन्हा सुरुवात करत.

धावडा गावच्या सामाईक विहिरीतला गाळ दर उन्हाळ्यात माझ्याच बळावर निघे. अर्धा कापलेला लोखंडी पिंप माझ्या टोकाला बांधत. मी चाकावरून जाई आणि दहा माणसे मला धरून धावेवरून, म्हणजे विहिरीपासून दूर जाणाऱ्या उतरत्या वाटेवरून, चालत. त्यांची पाठ विहिरीकडे असे. आत काय चालले आहे ते त्यांना दिसत नसे. म्हणून काठावर एक माणूस बसे आणि त्याच्या हाकेवर दहा जोड्या पाय हलत. लोक माझी तारीफ करत, पण खरे काम ती हाक करी.

मागच्या वर्षी मात्र गावाने एक चूक केली. गावातल्या दोन्ही वस्त्यांची माणसे कामाला आली होती. कुणाचा मान कमी व्हायला नको म्हणून हाक द्यायला प्रत्येक वस्तीचा एक, असे दोघांना बसवले. या काठावर बापू, समोरच्या काठावर बेबीनंदा. तिचा नवरा भिवा खाली गाळ भरत होता.

सकाळ कशीबशी गेली. कधी दोन हाका एकदम येत, कधी मागेपुढे.

भिवा खालून ओरडला, "वर दोन-दोन कंडक्टर हायेत का? एक म्हणतो चला, एक म्हणतो थांबा!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. प्रत्येक हिसका माझ्या अंगावर येत होता.

दुपारी दगडगाळाने भरलेला पिंप अर्ध्यावर आला आणि त्याची कड भिंतीतल्या दगडाखाली अडकली. ते बेबीनंदाला दिसले.

"थांबा!"

बापूंच्या बाजूने तो दगड दिसत नव्हता. त्यांनी हाक दिली, "ओढा जल्दी!"

पाच जण थांबले, पाच जणांनी ओढले. माझा एक पदर तटकन तुटला. पिंप कलला आणि दोन धोंडे खाली गेले.

"भिवा!" बेबीनंदा किंचाळली.

खालून आवाज यायला वेळ लागला. "हाय मी. कपारीत घुसलो. पर पिंप डोक्यावरच हाय."

धावेवर गलका झाला. कुणी म्हणे सोडा, कुणी म्हणे ओढा. दोन पदरांवर मी तेवढे वजन धरून होतो. अजून एक हिसका मला सोसला नसता.

बापू उठले. "गप बसा सगळे! बेबीनंदा, दगड तुला दिसतो. आता तूच बोल."

"बापू, माझा तर आवाज फुटून न्हाई राह्यला. खाली माझाच माणूस हाय."

"म्हणूनच बराबर बोलशील. मी दोरावर जातो."

सत्तरीतले बापू सगळ्यात मागे गेले. माझे शेवटचे टोक त्यांनी कमरेभोवती घेतले आणि विहिरीकडे पाठ केली.

बेबीनंदाने पदराने तोंड पुसले. "एक पाऊल मागं या. हळू. थांबा." पिंप दगडाखालून सुटला. "आता एक पाऊल पुढं. थांबा. अजून एक." बाकी कुणी बोलले नाही. अकरा माणसांची पावले एकदम पडत होती. माझ्या दोन्ही पदरांवर भार सारखा येत होता.

पिंप काठावर टेकला. मग भिवा भिंतीतल्या पायऱ्यांनी वर आला. त्याचा खांदा सोलला होता.

संध्याकाळी भिवाने मला ताणून धरले आणि बापूंनी नवी अंबाडी घालून तुटलेला पदर सांधला.

"मान दोघांचा राखाया गेलो," बापू म्हणाले, "अन् तुझ्या जिवावर आलं."

भिवा म्हणाला, "ताण बराबर हाय का बापू? तुम्ही म्हणाल तसा धरतो."

या वर्षी बापू नाहीत. समाजमंदिराच्या खुंटीवर मी धूळ खात लटकलो आहे. मित्रांनो, गाळ काढायची वेळ जवळ आली आहे. मला नेण्याआधी उन्हात वाळवा, तिन्ही पदर तपासा. पण त्याच्याही आधी, हाक कोण देणार ते ठरवा. ज्याला विहिरीचा तळ दिसतो त्याला काठावर बसवा. बाकीच्यांनी मला धरा. माझ्या शेवटच्या टोकाला बापूंनी कमरेभोवती घेतलेली जागा आहे, ती रिकामी ठेवू नका.