रूट कॅनॉलमधली गर्जना

सोळा वर्षांच्या त्या मुलीला घरात सगळे भुतीण म्हणत. आईने वैतागून ठेवलेलं हे नाव ती मोठ्या तोऱ्यात मिरवायची. कपडे काळे, नखं काळी आणि खोलीत दिवसभर हेवी मेटल. मेटल असावं तर इंग्रजीत, बाकी सगळ्या अंगाया, असं तिचं ठाम मत होतं.

मग तिची दाढ ठणकायला लागली आणि भुतिणीचं पाणी पाणी झालं. आईने तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई पन्नाशीच्या, परदेशातून येऊन इथे स्थायिक झालेल्या. रूट कॅनॉलला तीन खेपा लागतील म्हणाल्या, तिच्या तोंडात कापूस कोंबला, ड्रिल उचललं आणि कोपराने टेपचं बटण दाबलं.

गिटार करवतीसारखी सुरू झाली. पाठोपाठ एक बाप्या कुठल्याशा भाषेत घसा फाडून ओरडू लागला. शब्द एक कळेना, पण तिच्या अंगावर काटा आला. हे कोण गातंय, असं तिने विचारलं. तोंडातून नुसतं ‘आँ ओ आँ’ बाहेर पडलं. दुखतंय असं समजून बाईंनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या खेपेला तिने तोंड उघडण्याआधीच, म्हणजे कापसासाठी उघडण्याआधीच, विचारून घेतलं. बाईंनी खूश होऊन कॅसेटच देऊन टाकली. तिने ते गाणं पोपटासारखं पाठ केलं. आत्याच्या गॅरेजमध्ये ती आणि ड्रम बडवणारा आतेभाऊ त्याचा सराव करू लागले. गाणं नरकाबद्दलच असणार, अशी आतेभावाची खात्री होती.

तिसऱ्या खेपेला तिने अर्थ विचारला.

“बहिणीची सायकल न विचारता विकली,” बाई म्हणाल्या. “आता ती बोलत नाही. म्हणून माफी मागतोय.”

“एवढंच?”

“एवढंच. सहा मिनिटं.”

आतेभावाला फसवल्यासारखं वाटलं. भुतिणीने मात्र घरी जाऊन गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. सैतानाशी तिची कधी गाठ पडली नव्हती. अबोला मात्र घरचाच होता. आजोबांच्या कपाटावरून बाबा आणि आत्या दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तिला न्यायला आलेले बाबा आत्याच्या फाटकाबाहेरच उभे राहत.

तिने मराठीत गाणं लिहिलं आणि एका रविवारी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. आईने ओढून आणलेले बाबा एका टोकाला बसले, आत्या दुसऱ्या टोकाला. आतेभावाने ड्रमवर हाणलं आणि भुतीण गरजली:

“तीन खणांचं कपाट! गिळलं त्याने घर!”

आजवर ती काय ओरडते ते घरात कुणालाच कळलं नव्हतं. आज शब्द न् शब्द कळला, हीच पंचाईत. गाणं संपलं तेव्हा बाबा चपलांकडे बघत होते. टाळी वाजवावी की नाही, ते आईला सुचेना.

“आवाज बरा आहे,” आत्या भाचीला म्हणाली. “पण कपाटाला चार खण आहेत.”

“तीन,” बाबा पलीकडून म्हणाले.

“चार. खालचा तुला कधी उघडताच आला नाही.”

मग दोघं जे भांडायला लागले, ते कपाटावरून आजोबांवर, आजोबांवरून शाळेतल्या मारामाऱ्यांवर गेले. आतेभावाने दुसरं गाणं वाजवायचं का म्हणून खूण केली. भुतिणीने मान हलवून नको म्हटलं आणि ॲम्प्लिफायर बंद केला. तिला एक शब्दही चुकवायचा नव्हता.